वेच्यांतून भाषाशिक्षण : हिंगोली परिसराच्या संदर्भात मराठी वाचनपाठांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भाषा शिकविण्यासाठी साहित्यातील निवडक उतारे एकत्र करण्याची पद्धत जुनी आणि सार्वत्रिक आहे. संस्कृतच्या पाश्चात्त्य विद्यार्थ्यांसाठी चार्ल्स लॅनमन यांनी १८८४ मध्ये संस्कृत पाठांचा संग्रह सिद्ध केला. जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी १८८६ मध्ये महाराष्ट्री प्राकृतातील निवडक कथा प्रसिद्ध केल्या, त्या प्राकृताच्या अभ्यासात प्रवेश व्हावा याच हेतूने. मराठीत अशा संग्रहाला 'वेचे' हा शब्द रूढ झाला. हिंगोलीसारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलुखात या शब्दाचा मूळ अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही. वेचणीत बोंड निवडले जाते, तसे काही झाडावर राहूनही जाते. म्हणून वेच्यांच्या इतिहासात काय निवडले गेले याइतकेच कोणी निवडले, कोणासाठी निवडले आणि मागे काय राहिले, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उत्तरेला पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या करारानंतर वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि तेथील शाळांतून मराठी ही शिक्षणाची भाषा झाली. नदीच्या अलीकडे मात्र राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू होती. बोली जवळजवळ एकच असणाऱ्या दोन तीरांवर मुलांच्या हाती पडणारी पुस्तके निराळी होती. ही भौगोलिक वस्तुस्थिती प्रस्तुत विवेचनाची पार्श्वभूमी होय.

छापील वेच्यांपूर्वी

इंग्रजी अमदानीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत गद्य वाचनाचे पुस्तक असे नव्हतेच. धुळपाटीवर अक्षर गिरवणे, मोडीचा कित्ता, उजळणी, पावकी-निमकीचे पाठांतर आणि पत्रलेखनाचे मायने एवढ्यावर शिक्षण पूर्ण होत असे. ज्याला पुढे कुलकर्णीपण किंवा दुकान चालवायचे आहे त्याला याहून अधिकाची गरज भासत नसे. तथापि वाङ्मयीन भाषेचे शिक्षण या शाळेबाहेर, अधिक मोठ्या वर्तुळात चालू होते. पुराण, कीर्तन आणि भजन हे त्याचे मार्ग होते.

हिंगोली तालुक्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून मानले जाते. जन्मस्थान पंढरपूर की नरसी, हा वाद अभ्यासकांना परिचित आहे आणि त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केल्याची परंपरा सांगितली जाते. नामदेवांच्या पदांचा पहिला महत्त्वाचा 'वेचा' मात्र मराठी मुलुखात झाला नाही. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट झाली. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्या रचनांबरोबर ती रागवारीने लावली गेली. नरसीच्या या कवीची वाणी पंजाबी श्रोत्यांना गुरुमुखी लिपीतून, एका निवडीच्या रूपाने मिळाली आणि आजही ती पाठ केली जाते. पंजाबातील घुमान येथे एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हाच धागा होता.

मराठी मुलुखात वारकऱ्यांनीही आपली निवड केली होती. हरिपाठ, काकडआरतीचे अभंग, गौळणी, वासुदेव, आंधळे-पांगळे यांच्या रूपकरचना असा क्रम ठरून गेला आणि पुढे तो भजनी मालिकांच्या छापील पुस्तकांत स्थिरावला. या मालिका भाषा शिकविण्यासाठी रचल्या गेल्या नाहीत. तरीही ज्या घरात शाळा पोहोचली नव्हती त्या घरातील स्त्री-पुरुषांच्या तोंडी घडीव, अर्थगर्भ आणि छंदोबद्ध मराठी आली ती याच निवडीतून. नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, चोखामेळा, सेना न्हावी यांना तिच्यात मानाचे स्थान होते. निवडीचा निकष गेयतेचा आणि उपासनेचा होता, काव्यशास्त्राचा नव्हता.

याच भूमीवरील महानुभाव पंथाने तर गद्याचाही असा उपयोग केला. चक्रधरांच्या निरूपणातील दृष्टांत वेगळे काढून केशिराजबासांनी 'दृष्टांतपाठ' सिद्ध केला. मोठ्या ग्रंथसंभारातून लहान, स्वयंपूर्ण, पाठ करता येण्याजोगे भाग काढण्याची ही युक्ती आधुनिक पाठ्यपुस्तककाराच्या युक्तीहून तत्त्वतः भिन्न नाही. मात्र तो पाठ पंथाच्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त राहिल्यामुळे मराठी शिकणाऱ्या सामान्य मुलापर्यंत कित्येक शतके पोहोचला नाही.

परक्यांसाठी वेचलेली भाषा

मराठी शिकण्यासाठी छापलेले आरंभीचे पाठ मराठी मुलांसाठी नव्हते, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात (स्थापना १८००) कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविल्या जात. तेथे मराठीचे अध्यापन करणाऱ्या विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्याला नित्य व्यवहारातील संवाद जोडले. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने पुढे 'सिंहासन बत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५) आणि 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' (१८१६) ही पुस्तके निघाली. यांतील बहुतेक मजकूर अन्य भाषांतून आलेला होता. मराठीच्या या पहिल्या छापील पाठांत ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम नव्हते, आणि ज्यांना राज्य करावयाचे त्यांच्यासाठी ते असण्याचे कारणही नव्हते.

हिंगोलीत तर परिस्थिती याहून चमत्कारिक होती. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी येथे होती आणि १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत गावाची ओळख मुख्यतः छावणीचे गाव अशीच होती. कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी शिकावयाची भाषा हिंदुस्थानी होती. अ‍ॅडिस्कम येथील लष्करी विद्यालयात हिंदुस्थानीचे अध्यापन करणारे जॉन शेक्सपिअर यांनी 'मुंतखबात-इ-हिंदी' म्हणजे 'हिंदीतील वेचे' याच नावाचा संग्रह केला होता. त्याच्या जोडीला मीर अम्मन यांचा 'बाग-ओ-बहार' हा ग्रंथ शिकणाऱ्यांच्या हाती असे. परिणामी छावणीत हिंदुस्थानी, कचेरीत आधी फारसी व मग उर्दू, आणि कापसाच्या बाजारात मराठी अशी भाषांची वाटणी एकाच गावात झाली. यांपैकी पहिल्या तिन्ही भाषांना शिकण्याची पुस्तके होती. बाजारातील भाषेला मात्र संस्थानच्या बाहेरून पुस्तके येण्याची वाट पाहावी लागली.

'नवनीत' आणि पुण्याची अभिरुची

ती पुस्तके मुंबई इलाख्यात तयार होत होती. १८२२ मध्ये मुंबईत शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि इसापनीती १८२८ मध्ये आली. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये, तर दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोश आणि व्याकरण हाती आल्यानंतर उणीव राहिली ती वाङ्मयाच्या नमुन्यांची. ती परशुराम बल्लाळ गोडबोले (१७९९–१८७४) यांच्या 'नवनीत' या मराठी कवितांच्या वेच्यांनी १८५४ मध्ये भरून काढली. गोडबोले हे मेजर टॉमस कँडी यांच्याबरोबर काम केलेले, संस्कृत नाटकांची भाषांतरे करणारे आणि वृत्तशास्त्रावर लिहिणारे शास्त्री होते. त्यांच्या 'नवनीता'च्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि दोन-तीन पिढ्यांच्या सुशिक्षित मराठी माणसांचे काव्यवाचन त्यावर पोसले गेले.

'नवनीता'चे श्रेय मोठे आहे. पोथ्यांत आणि कीर्तनकारांच्या मुखी विखुरलेली कविता एका जिल्दीत आणून तिला शाळेच्या अभ्यासाची वस्तू केली, हे काम त्यापूर्वी कोणी केले नव्हते. परंतु निवडीवर निवडकर्त्याची छाप उमटल्यावाचून राहत नाही. गोडबोल्यांची घडण पेशवाईच्या उत्तरकाळातील. त्या काळाने मोरोपंत, वामन पंडित, मुक्तेश्वर, रघुनाथ पंडित यांच्या आख्यानकाव्याला कवितेचा उत्कर्ष मानले होते. पल्लेदार समास, यमकांची नादमयता आणि संस्कृत वृत्तांवरील हुकमत हे गुण शिकविण्यास सोयीचेही होते. श्लोकाचा अन्वय लावता येतो, समास सोडविता येतो, अलंकार ओळखता येतो. अभंगाच्या बाबतीत शिक्षकाला असे हातात धरण्यासारखे थोडे सापडते. कवितेची परीक्षा घेता येणे हा वेच्यांचा एक अलिखित निकष बनला आणि तो आजतागायत पूर्णपणे सुटलेला नाही.

याचा परिणाम गोदावरी-पैनगंगेच्या दुआबाच्या दृष्टीने पाहिला असता विलक्षण वाटतो. मुकुंदराज अंबाजोगाईचे, ज्ञानेश्वरांचे मूळ गाव आपेगाव, एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडच्या आणि नामदेव नरसीचे. मराठी वाङ्मयाचा आरंभ ज्या भूमीत झाला त्या भूमीतील मुलाने आपली वाङ्मयीन भाषा पुण्यात झालेल्या निवडीतून शिकावी, असा हा क्रम होता. त्याच्या घरातील भजनी मालिका एक मराठी सांगत होती आणि शाळेतील वेचे दुसरी. या दोहोंचा मेळ घालणे त्याचे त्यालाच भाग होते. याबद्दल गोडबोल्यांना दोष देणे मात्र अनैतिहासिक ठरेल. त्यांच्यासमोर जी मुले होती ती इलाख्यातली होती.

विद्यापीठीय स्तरावर मराठीचे स्थान इलाख्यातही निश्चित नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, पण त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रवेशपरीक्षेच्या वरच्या अभ्यासक्रमातून देशी भाषा वगळल्या गेल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले आणि १९०१ मध्ये एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. मधल्या चाळीस वर्षांत मराठी कवितेचा अभ्यास म्हणजे शालेय वेचे एवढीच सुशिक्षितांची समजूत झाली असल्यास नवल नाही.

उर्दू माध्यम आणि मराठीचा एक विषय

हैदराबाद संस्थानात १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम ठरले. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग म्हणून त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. भाषांतरसंस्थेने उर्दूत परिभाषा घडविली, शास्त्रीय ग्रंथ आणले. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला गणित, इतिहास, भूगोल हे विषय उर्दूतून शिकावे लागत. मराठी हा एक विषय म्हणून उरली, आणि विषय म्हणून उरलेली भाषा म्हणजे प्रत्यक्षात वेच्यांचे एक पुस्तक. इतिहासाचा पाठ, विज्ञानातील वर्णन, अर्ज, हिशेब, वाद या सर्व व्यवहारांपासून तोडलेली, केवळ कवितेची आणि नीतिकथेची मराठी त्याला शाळेत भेटत असे.

भाषेचे वाङ्मयीन उतारे उत्तम असले तरी ती भाषा ज्ञानाचे वाहन नसेल तर उताऱ्यांतून शिकलेली भाषा शोभेची होते. याची जाणीव त्या काळातील कार्यकर्त्यांना होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे विद्यालय यांसारख्या संस्था त्यातूनच उभ्या राहिल्या, आणि खाजगी शाळांवर संस्थानी शासनाची करडी नजर असतानाही टिकल्या. १९३७ मध्ये तत्कालीन परभणी जिल्ह्यातील परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मातृभाषेतून शिक्षण हा तिच्यासाठी सांस्कृतिक हौसेचा विषय नसून नागरी हक्काचा प्रश्न होता. शाळेबाहेर वाचनालयांनी आपला वाटा उचलला. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ पासून हे काम करीत आले.

वेच्यांच्या या मर्यादित मराठीतूनही विद्वत्ता निर्माण झाली, हा या इतिहासाचा दुसरा पदर आहे. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूरचे डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारा 'मुक्त-मयूरांची भारते' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. 'नवनीता'ने ज्या दोन कवींचे तुकडे शाळेत पोहोचविले, त्यांच्याच समग्र काव्याकडे उर्दू माध्यमाच्या विद्यापीठातील हा प्राध्यापक वळला, हे केवळ योगायोगाचे म्हणता येत नाही. निदान इतके म्हणता येईल की त्या पिढीला प्राचीन कविता म्हणजे प्रथम पंडिती कविता वाटत होती.

नांदापूरकरांचे भाचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचा जन्म नांदापूरचा, घराणे वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे राहिले. पुढे नांदेडला शाळेत आणि पीपल्स कॉलेजात त्यांनी मराठी शिकविली. त्यांच्या लेखनात मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत आणि इस्लामच्या इतिहासापासून राज्यघटनेपर्यंत विषयांचा जो संचार दिसतो, तो मराठी ही केवळ वेच्यांची भाषा नाही हे सिद्ध करणारा आहे. उर्दू वातावरणात वाढल्यामुळे मराठीला तर्काची, वादाची भाषा करण्याची निकड या पिढीला इलाख्यातील लेखकांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवली असावी.

सर्वेक्षणातून सुटलेली बोली

या काळात आणखी एक प्रचंड संग्रह तयार होत होता. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. उधळ्या पुत्राची बायबलातील कथा प्रत्येक बोलीत सांगवून घेऊन तिचे नमुने शेजारी शेजारी मांडण्याची त्यांची पद्धत होती. वऱ्हाडीचे नमुने त्यात आले. परंतु सर्वेक्षणाचे कार्य मद्रास इलाखा आणि हैदराबाद व म्हैसूर या संस्थानांपर्यंत विस्तारले नव्हते. त्यामुळे पैनगंगेच्या उत्तर तीरावरील शेतकऱ्याची बोली नोंदली गेली आणि दक्षिण तीरावरची राहिली. साहित्याच्या वेच्यांत बोलीला जागा नव्हती, आणि बोलींच्या वेच्यांत या प्रदेशाला जागा नव्हती. परभणी-हिंगोलीच्या भाषेविषयी पुढे जी उदासीनता दिसते तिचे एक मूळ या दुहेरी अनुपस्थितीत आहे.

एकीकरणानंतर

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि मराठी जिल्ह्यांतील शाळांचे माध्यम बदलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. शिक्षक मात्र बहुधा उर्दूतून शिकलेले होते. काल ज्या विषयाचे अध्यापन उर्दू परिभाषेत केले तो आज मराठीत शिकविण्याची वेळ त्यांच्यावर आली. या संक्रमणाचा स्वतंत्र इतिहास लिहिला जाण्याजोगा आहे.

मुंबई इलाख्यात तोपर्यंत वाचनमालांचे नवे युग येऊन गेले होते. १९३० च्या दशकातील आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने मुलांच्या पुस्तकात अर्वाचीन लेखकांची जिवंत, खेळकर मराठी आणली. २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ अर्थात 'बालभारती'ची स्थापना झाली आणि संपूर्ण राज्याला एकच वेचा मिळू लागला. समानतेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. सेनगावच्या आणि दादरच्या मुलाच्या हाती एकच पुस्तक आले. परंतु एकच पुस्तक म्हटले की एका निवडसमितीची अभिरुची साऱ्या राज्याची होते, हा 'नवनीता'च्या वेळचा प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभा राहिला.

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न केवळ मराठी बोलीपुरता नाही. तांड्यांवरील बंजारा मुले घरी गोरबोली बोलतात. त्यांना पहिलीचे मराठी पुस्तक ही दुसऱ्या भाषेची ओळख असते, मात्र ते पुस्तक मातृभाषेचे आहे असे गृहीत धरून शिकविले जाते. उर्दू माध्यमाच्या शाळांतील मुलांसाठी 'सुलभभारती' हे मराठीचे वेगळे, सोपे पाठ असलेले पुस्तक असते. शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलाला राज्याच्या भाषेसाठी उर्दू वाचनपाठ गिरवावे लागत होते. आज त्याच गावातील उर्दू भाषक मूल राज्याच्या भाषेसाठी मराठी वाचनपाठ गिरवते. फरक एवढा की आजच्या मुलाला इतर विषय आपल्या भाषेत शिकण्याची सोय आहे. तांड्यावरच्या मुलाला ती नाही.

वरिष्ठ महाविद्यालयांतील स्थितीही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. पदवीच्या प्रारंभीच्या वर्षांत द्वितीय भाषा म्हणून मराठी घेणाऱ्या विद्यार्थ्याचा साहित्याशी येणारा संबंध बहुधा अभ्यासमंडळाने संपादिलेल्या गद्य-पद्य वेच्यांपुरताच असतो. मूळ संग्रह, मूळ कादंबरी तो क्वचितच हाती घेतो. वेचा हा मूळ ग्रंथाकडे नेणारा उंबरठा असावा ही अपेक्षा असते, प्रत्यक्षात बाजारातील मार्गदर्शिका त्या उंबरठ्यावरच बसलेल्या असतात.

मात्र निवडीची दिशा पूर्वीची राहिलेली नाही. वसमत तालुक्यातील रिधोरा या गावचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या 'पीकपाणी' या संग्रहाने येथील कुणब्याची बोली, त्याची अवजारे, त्याची नाती आणि त्याचे कष्ट मराठी कवितेत आणले. त्यांच्या कविता शालेय आणि विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांत समाविष्ट झाल्या. 'नवनीता'तील पंडिती समास समजण्यासाठी नरसी-औंढ्याच्या मुलाला पानाखालची टीप पाहावी लागत असे. आता औत, कासरा, तिफण, आखाडा हे शब्द आले की पुण्या-मुंबईच्या मुलाला पाठाखालचे शब्दार्थ पाहावे लागतात, आणि वसमतच्या वर्गात शिक्षक ती ओळ न थांबता पुढे वाचतो.